खर्जाचा मान
ट्यूबा हे वाद्य आणि ते वाजविणाऱ्या स्त्रिया

मुलीने गाणे शिकावे, यास आता आपल्या समाजात कोणी हरकत घेत नाही. हार्मोनियम, सतार, व्हायोलिन ही वाद्ये मुलींच्या हाती शोभतात असे आपणच कौतुकाने म्हणतो. परंतु एखाद्या मुलीने बँडातील सर्वांत मोठा भोंगा उचलून "मला हेच वाजवायचे आहे" असे सांगितले, तर घरातील वडीलधारी मंडळी काय म्हणतील? आई म्हणेल, "अगं, तुला ते पेलणार का?" आजी म्हणेल, "फुंकून फुंकून गाल सुजतील." आणि वडील काही न बोलता खर्चाचा आकडा मनात मांडू लागतील. या तिन्ही शंका प्रेमापोटीच निघतात. परंतु त्या खऱ्या किती आणि सवयीच्या किती, हे तपासून पाहणे आमच्या मते अगत्याचे आहे.

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत परदेशी वाद्यावरचा लेख कशाला, असे काही सभासदांस वाटेल. त्याचे उत्तर असे की, २००६ साली अमेरिकेतील एका विद्यार्थिनीने वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा या जगद्विख्यात वाद्यवृंदात ट्यूबावादकाची प्रमुख जागा मिळविली. तिचे नाव कॅरोल जान्ट्श. अमेरिकेतील अग्रगण्य सिंफनी वाद्यवृंदांत ही जागा मिळविणारी ती पहिली स्त्री होय. तिचे यश तर मोठे आहेच. पण ते शक्य होण्यासाठी जी व्यवस्था लागली, ती आपल्यासारख्या संस्थांनी नीट समजून घेण्याजोगी आहे.

ट्यूबा म्हणजे काय?

लग्नाच्या वरातीत किंवा पोलिसांच्या संचलनात बँड चालला म्हणजे आपले लक्ष आधी कर्कश ट्रंपेटकडे आणि मग ढोलाकडे जाते. त्यांच्या मागे कोणी तरी एक मोठे पितळी वाद्य पोटाशी धरून किंवा खांद्यावर गुंडाळून चालत असतो. त्याचा आवाज कानांपेक्षा छातीत अधिक ऐकू येतो. हा खर्जाचा पितळी परिवार. ट्यूबा हा त्यातील मुख्य. खांद्यावर गुंडाळायचा जो प्रकार असतो, त्यास सूझाफोन म्हणतात. तो चालता चालता वाजविण्याच्या सोयीसाठी निघाला. सिंफनी वाद्यवृंदातील ट्यूबा मात्र खुर्चीवर बसून, मांडीवर उभा धरून वाजवितात, आणि त्याचे रुंद तोंड वर आकाशाकडे असते.

हे वाद्य फार जुने नाही. प्रशियाच्या लष्करी बँडांचे अधिकारी विल्हेल्म व्हीप्रेख्ट आणि बर्लिनचे वाद्यकार योहान गॉटफ्रीड मोरित्स या दोघांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी त्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी खर्जासाठी जी फुंकवाद्ये होती, ती सुरास पक्की नव्हती आणि मोठ्या मैदानात पुरी पडत नव्हती. लष्करास भरदार खर्ज हवा होता, त्या गरजेतून ट्यूबा जन्मास आला. पुढे तो रंगमंदिरांत शिरला आणि वाग्नरसारख्या संगीतकारांनी त्यास मानाचे स्थान दिले.

त्याची रचना समजण्यास आपली तुतारी आठवावी. तुतारीत केवळ वारा फुंकून आवाज येत नाही. ओठ घट्ट मिटून त्यांतून हवा सोडली म्हणजे ओठ थरथरतात आणि ती थरथर नळीतील हवेस मिळून नाद होतो. शंखाचेही तेच. परंतु तुतारीची नळी ठराविक लांबीची असते, म्हणून तिच्यातून मोजकेच स्वर निघतात. मधले स्वर गाळावे लागतात. ट्यूबात ही अडचण कळींनी दूर केली आहे. कळ दाबली की हवेस नळीच्या एका जादा वेटोळ्यातून फिरून जावे लागते. नळी लांबली की स्वर खाली उतरतो. पहिली कळ एक पूर्ण स्वर, दुसरी अर्धा स्वर आणि तिसरी दीड स्वर खाली नेते. त्या एकत्र दाबून मधले सर्व स्वर साधता येतात. मोठ्या ट्यूबास चार, पाच, क्वचित सहाही कळा असतात. सतारीवर तार पडद्यावर दाबून तिची लांबी कमी करतात, येथे नळीची लांबी वाढवितात, एवढाच फरक.

ही सगळी वेटोळी सरळ केली तर वाद्यवृंदात नेहमी वापरल्या जाणाऱ्या ट्यूबाची नळी सुमारे सोळा फूट, आणि त्याहून मोठ्या प्रकारात अठरा फूट भरते. वजन सामान्यतः नऊ ते तेरा किलो. वाजविताना वादक मध्येच थांबून वाद्यातून पाणी काढून टाकतो; पुष्कळांस ती थुंकी वाटते, पण ते बहुतांशी श्वासातील बाष्पच थंड पितळेवर जमून झालेले पाणी असते.

एकच खुर्ची

सिंफनी वाद्यवृंदात शंभराच्या आसपास वादक असतात. त्यांत व्हायोलिनवाले तिसाच्या घरात. ट्यूबावाला बहुधा एकटा. त्यास सोबती नाही, आणि चूक झाली तर ती झाकणाराही कोणी नाही. शिवाय त्यास पुष्कळ वेळ स्वस्थ बसावे लागते. द्वोर्झाक या चेक संगीतकाराची १८९३ सालची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी जगभर लोकप्रिय आहे. सुमारे चाळीस मिनिटांच्या त्या रचनेत ट्यूबाच्या वाट्यास केवळ दुसऱ्या खंडातील मोजके चौदा स्वर येतात. बाकी वेळ वादकाने वाद्य मांडीवर घेऊन मात्रा मोजीत बसावयाचे, आणि वेळ आली की पहिल्याच फुंकेस निर्दोष, मृदू स्वर लावावयाचा. वाचकांपैकी ज्यांनी तानपुऱ्यावर साथ केली आहे, त्यांस या कामातील तपश्चर्या सहज कळेल. तानपुऱ्याची खर्जाची तार कोणी ऐकावयास येत नाही. पण ती उतरली तर गवयाचे सारे गाणे उतरते.

आता या एकट्या खुर्चीचा दुसरा परिणाम पाहा. ती क्वचित रिकामी होते. शिकागो सिंफनीत आर्नोल्ड जेकब्स हे १९४४ पासून १९८८ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, ट्यूबा वाजवीत होते. फिलाडेल्फियात कॅरोलच्या आधीचे वादक १९७२ पासून तेहतीस वर्षे त्या जागेवर होते. म्हणजे एका पिढीत एका गावी एकदाच दार उघडते. त्या दिवशी परीक्षक जर आवाज न ऐकता चेहरा पाहून निवड करू लागले, तर नाकारलेल्या उमेदवारास पुढल्या वर्षी पुन्हा येण्याची सोय नसते. तिचे आयुष्यच त्या दारापाशी थांबते. स्त्रियांच्या बाबतीत दीर्घकाळ असेच घडत आले.

श्वासाची शंका

स्त्रियांस हे वाद्य का देऊ नये, याचे कारण विचारले तर उत्तर ठरलेले असे: त्यांचा दम पुरत नाही. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. ट्यूबास हवा फार लागते, आणि सरासरीने स्त्रियांच्या फुप्फुसांत पुरुषांपेक्षा हवा कमी मावते. परंतु सरासरी ही गणिताची गोष्ट. परीक्षेस सरासरी येत नाही, एकेक व्यक्ती येते. उंच, धिप्पाड पुरुष ट्यूबात नापास होतात आणि लहान चणीची माणसे तो उत्तम वाजवितात. कारण हवा किती साठविली यापेक्षा ती कशी सोडली, श्वास कोठे घेतला आणि ओठ किती सहज थरथरले, यांवर सारे अवलंबून असते. आपल्याकडे लांब तान घेणारा गवई काही पैलवान असावा लागत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला वर उल्लेखिलेल्या जेकब्स यांचाच आहे. विसाव्या शतकातील ट्यूबाचे सर्वश्रेष्ठ गुरू म्हणून त्यांस मानतात. या गृहस्थांची श्वासाची धारणशक्ती सामान्यांहून कमी होती आणि त्यांस दम्याचाही विकार होता. आपल्या उणिवेमुळेच त्यांनी श्वासोच्छ्वासाचा सखोल अभ्यास केला आणि देशोदेशींच्या वादकांस शिकविला. पुरुषाचा दम कमी असून तो चव्वेचाळीस वर्षे शिकागोत वाजवू शकतो, तर मग स्त्रीस त्याच कारणावरून दाराबाहेर ठेवणे कोणत्या न्यायात बसते?

स्त्रिया हे वाद्य वाजवीतच नव्हत्या असेही नाही. फ्लॉरिडाच्या कॉन्स्टन्स वेल्डन यांनी १९५५ साली बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाबरोबर दौरा केला आणि पुढे हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रसिद्ध कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदातही ट्यूबा वाजविला. मायामी विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन करून शिष्यांची मोठी परंपरा निर्माण केली. १९३२ साली जन्मलेल्या या विदुषी २०२० साली निवर्तल्या. अमेरिकेतील व्यावसायिक ट्यूबावादक स्त्रियांत पहिले नाव त्यांचे घेतात. म्हणजे कॅरोल जान्ट्शच्या पन्नास वर्षे आधी हे काम स्त्रीस जमते, हे सिद्ध झालेले होते. सिद्ध झालेली गोष्ट मान्य व्हावयास मात्र आणखी पन्नास वर्षे लागली.

पडद्याचा उपयोग

ही पन्नास वर्षे कशी गेली, याची कल्पना एका शेजारच्या वाद्याच्या हकिगतीवरून येईल. ट्रंबोन हा ट्यूबाचा सख्खा भाऊ; वाद्यवृंदात दोघे शेजारी बसतात. १९८० साली जर्मनीतील म्यूनिक फिलहार्मनिकमध्ये प्रमुख ट्रंबोनवादकाची जागा निघाली. ॲबी कॉनंट या अमेरिकन बाईंनी अर्ज केला. त्यांना जे निमंत्रण आले, त्यात त्यांस 'श्रीयुत' असे संबोधिले होते! एका उमेदवाराची वाद्यवृंदातील मंडळींशी ओळख असल्यामुळे त्या दिवशी निःपक्षपातासाठी परीक्षक आणि उमेदवार यांच्यामध्ये पडदा लावला होता. तेहतीस उमेदवारांत कॉनंट यांचे वादन परीक्षकांस सर्वांत पसंत पडले. पडदा दूर झाला आणि पाहतात तो बाई!

जागा मिळाली खरी, परंतु प्रकरण तेथे मिटले नाही. वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक सर्जिउ चेलिबिडाके यांस प्रमुख ट्रंबोनवर पुरुष हवा होता, आणि १९८२ साली कॉनंट यांस दुसऱ्या जागी उतरविण्यात आले. बाईंनी न्यायालयाचा मार्ग धरला. आपल्या अंगी पुरेशी शक्ती आहे हे दाखविण्यासाठी त्यांस फुप्फुसांची वैद्यकीय तपासणीसुद्धा करून घ्यावी लागली, आणि त्या तपासणीत त्या उत्तम उतरल्या. १९८८ साली त्यांस मूळ जागा परत मिळाली. तरी पगाराच्या श्रेणीचा तंटा १९९३ पर्यंत चालला. वाजविण्यात दोष कोणी सिद्ध करू शकले नाही. तेरा वर्षे एका कलावंताची शक्ती स्वर लावण्याऐवजी अर्ज आणि दावे लढविण्यात गेली, हे नुकसान भरून येणारे नव्हे.

आपल्याकडे पडदा हा शब्द उच्चारला की स्त्रियांना घरात कोंडणारी जुनी चाल आठवते. येथे मात्र पडद्याने उलटेच काम केले. बॉस्टन सिंफनीने १९५२ साली पडद्याआड परीक्षा घेण्याचा प्रयोग केला आणि १९७० नंतर ही रीत अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांत पसरली. उमेदवारास नाव नसते, केवळ क्रमांक असतो. बुटांच्या टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये, म्हणून जमिनीवर जाजम अंथरतात किंवा पादत्राणे काढावयास सांगतात. ऐकणाऱ्यास ऐकण्यावाचून दुसरे काही उरत नाही.

याचा परिणाम काय झाला? क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राउस या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी २००० साली यावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. (यांपैकी गोल्डिन यांस २०२३ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) त्यांच्या मांडणीप्रमाणे अमेरिकेच्या पाच सर्वश्रेष्ठ वाद्यवृंदांत १९७० साली स्त्रियांचे प्रमाण शेकडा पाचांहून कमी होते, १९९७ च्या सुमारास ते शेकडा पंचवीस झाले. याचे सगळे श्रेय पडद्यास देणे योग्य होणार नाही. संगीतविद्यालयांतून शिकून निघालेल्या मुलींची संख्याही त्या काळात वाढली होती. तथापि पडद्याचाही त्यात वाटा आहे, असा निष्कर्ष या विदुषींनी काढला. आमच्या मते तात्पर्य सरळ आहे: शिकण्याची सोय आणि ऐकणाऱ्याचा निःपक्षपात या दोन चाकांवर हा रथ चालतो, एका चाकाने तो जागच्या जागी फिरतो.

कॅरोल जान्ट्श

१९८५ साली जन्मलेली कॅरोल ओहायो राज्यात वाढली. सहाव्या वर्षी ती पियानो शिकू लागली. नवव्या वर्षी मिशिगनमधील इंटरलॉकन येथील उन्हाळी संगीत शिबिरात तिने युफोनियम हाती घेतला. युफोनियम म्हणजे ट्यूबाचे धाकटे भावंड. आकार लहान, आवाज थोडा वरचा, पण ओठ आणि कळा यांचे शिक्षण तेच. पुढे ती ट्यूबाकडे वळली, इंटरलॉकनच्याच कलाशाळेत शिकली आणि नंतर मिशिगन विद्यापीठात फ्रिट्झ केंझिग या नामवंत ट्यूबावादकांकडे तिने अध्ययन केले. विद्यापीठातील शेवटचे वर्ष चालू असतानाच तिने फिलाडेल्फियाची परीक्षा दिली आणि ती निवडली गेली. ज्या वयात आपली मुले बी. ए.च्या निकालाची वाट पाहतात, त्या वयात ही मुलगी १९०० साली स्थापन झालेल्या वाद्यवृंदाच्या त्या एकुलत्या एक खुर्चीवर जाऊन बसली.

हा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. तिची निवड एका दिवसात झाली, तरी तिची तयारी सहाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत अखंड चालली होती. आणि प्रत्येक पायरीवर वाद्य, गुरू आणि शाळा यांची सोय होती.

जागा मिळाल्यावर ती स्वस्थ बसली नाही. ट्यूबा हे साथीचे वाद्य, त्यास एकट्याने वाजविण्यासारखे साहित्य थोडे. म्हणून इतर वाद्यांच्या कित्येक रचना तिने ट्यूबासाठी स्वतः बसविल्या. २०१३ साली मायकेल डॉहर्टी या संगीतकाराची मिसिसिपी नदीवरील ट्यूबा-रचना फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठाच्या वाद्यवृंदासह प्रथम तिने सादर केली. २०२१ सालच्या डिसेंबरात विंटन मार्सालिस या विख्यात जॅझ संगीतकाराने रचिलेला ट्यूबा-कॉन्चेर्तो फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने प्रथम वाजविला, त्यात एकल वादन तिचेच होते. कॉन्चेर्तो म्हणजे एक वादक पुढे आणि सारा वाद्यवृंद त्याच्या साथीस. नेहमी मागल्या रांगेत बसणारी व्यक्ती त्या दिवशी पुढे आली, आणि शंभर जण तिच्या साथीस बसले. येल विद्यापीठातही तिने विद्यार्थी घडविले.

आपल्या मातीतील दाखले

हे सारे दूरदेशीचे झाले. पाश्चात्य वाद्यवृंद आपल्या देशास अगदीच परके नाहीत. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांच्या दरबारात (कारकीर्द १७९८ ते १८३२) युरोपीय वाद्यांचा बँड होता. २००६ साली, म्हणजे कॅरोलची निवड झाली त्याच वर्षी, मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. तरी आपल्या भागातील मुलीस ट्यूबाची खुर्ची आज जवळ नाही, हे आम्ही जाणतो. परंतु खर्ज आणि स्त्री यांचा संबंध हुबळी-धारवाडकरांस परदेशातून शिकावयास नको.

१९१३ साली धारवाडास जन्मलेल्या आणि पुढे हुबळीच्या झालेल्या गंगूबाई हानगल यांचा आवाज आठवावा. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक व वरचा होता; घशाच्या विकारावरील उपचारानंतर तो भारी आणि पुरुषी वाटावा इतका खाली उतरला. दुसरी एखादी असती तर गाणे सुटले म्हणून रडत बसली असती. गंगूबाईंनी त्या आवाजातच आपले गाणे शोधले. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास जाऊन सवाई गंधर्वांकडे त्यांनी तालीम घेतली आणि किराणा घराण्याची गंभीर, ठाय गायकी अशी आत्मसात केली की, बाईचा आवाज बारीकच असावा हा समज त्यांच्या मैफलीत टिकत नसे. २००२ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. २००९ साली त्या हुबळीस निवर्तल्या. पुरुष गवई पंडित किंवा उस्ताद होतो आणि बाई मात्र बाईच राहते, हे शल्य त्यांनी बोलून दाखविले होते. त्यांच्याच आवाजास पडद्याआडून ऐकले असते, तर कोणती पदवी लावावी हा प्रश्न कोणास पडला नसता.

दुसरा दाखला वाद्याचा. रुद्रवीणा हे आपल्याकडील खर्जाचे भारदस्त वाद्य; दोन मोठे भोपळे, जाड तारा आणि मंद्रातील संथ आलाप. स्त्रियांनी ते वाजवू नये, असा जुना समज होता. शिरसीकडील ज्योती हेगडे यांनी सतारीनंतर, सोळाव्या वर्षी, बिंदुमाधव पाठक यांच्याकडे रुद्रवीणेचे शिक्षण सुरू केले, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची संगीतातील एम. ए. पदवी घेतली आणि पुढे उस्ताद असद अली खाँ यांचेही मार्गदर्शन मिळविले. रुद्रवीणा वाजविणाऱ्या मोजक्या स्त्रियांत त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते. वाद्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी वादाने दिले नाही, वादनाने दिले.

आपण काय करावे?

आता ट्रस्टच्या सभासद बंधुभगिनींस दोन शब्द. पहिला शब्द वाद्याविषयी. व्यावसायिक दर्जाच्या ट्यूबाची किंमत आपल्या रुपयांत दहा लाखांच्या घरात, वा त्याहूनही पुढे जाते. कोणताही मध्यम स्थितीतील बाप आपल्या लेकीच्या हौसेसाठी एवढी रक्कम काढू शकणार नाही, मग तो अमेरिकेतला असो की दुर्गदबैलजवळचा. म्हणूनच तिकडे पुष्कळ शाळांत मोठी वाद्ये शाळेच्या मालकीची असतात. मूल शिकते तोवर ते वापरते. पुढे गेले की तेच वाद्य धाकट्या मुलाच्या हाती येते. एक वाद्य अशा रीतीने कित्येक विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडते. शिष्यवृत्ती एकाच्या हाती जाते आणि खर्च होते, वाद्य राहते. चांगला तानपुरा, पखवाज, व्हायोलिन, सनई, क्लॅरिनेट अशी वाद्ये ट्रस्टने ठेवावीत आणि पावतीवर उसनी द्यावीत. कित्येक घरांत आजोबांचे एखादे वाद्य खोळीत घालून माळ्यावर पडले आहे. तेही या कामी यावे.

दुसरा शब्द ऐकण्याविषयी. मदतीचा अर्ज घेताना नाव, गाव आणि उत्पन्न हे विचारावेच लागते. परंतु गुण पारखण्याची वेळ आली म्हणजे तेवढ्यापुरता पडदा लावावा. मधल्या हॉलात चादर बांधून मुलांस क्रमांकाने वाजवू द्यावे, आणि परीक्षकांनी क्रमांकास गुण द्यावेत. यास खर्च एका दोरीचा आहे. कोणाची नात, कोणाचा भाचा, मुलगा की मुलगी, या गोष्टी चादरीपलीकडे राहतील, आणि निवड न झालेल्या मुलासही आपले वाजविणे खरोखर ऐकले गेले एवढे समाधान घेऊन घरी जाता येईल.

शेवटी महोत्सवाच्या निमित्ताने एक आठवण द्यावीशी वाटते. १९५४ साली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचा सुवर्णमहोत्सव झाला. त्यासाठी ज्येष्ठ इंग्रज संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी जो कॉन्चेर्तो रचला, तो व्हायोलिन किंवा पियानोसाठी नव्हता, ट्यूबासाठी होता. पन्नास वर्षांच्या उत्सवात त्या मंडळींनी मागल्या रांगेतील वादकास, फिलिप कॅटलिनेट यांस, पुढे बोलाविले आणि साऱ्या वाद्यवृंदाने त्यांची साथ केली. संस्थेचा महोत्सव कसा साजरा करावा, याचा याहून सुरेख पाठ आम्हांस ठाऊक नाही. आपल्या ट्रस्टच्या कामातही मागल्या रांगेत बसून खर्ज सांभाळणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांत स्त्रिया अधिक आहेत. त्यांस पुढे बोलवावे. आणि उद्या आपल्यातील एखादी मुलगी अंगापेक्षा मोठे वाद्य उचलावयास गेली, तर "पेलेल का?" असे विचारण्यापूर्वी ते उचलण्यास तिला एक हात द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.